गोल्फ ग्रीनची हिवाळी तयारी: पाणी अडवणाऱ्या या चुका टाळा

पुण्याकडच्या गोल्फ कोर्सच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बर्म्युडा गवत असतं. थंडीत त्याची वाढ मंदावते, उन्हं तापली की ते पुन्हा जोर धरतं. उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ ऑन्टारिओ, मिशिगन, मिनेसोटाकडे हा अनुभव उपयोगाचा नाही. तिथे क्रीपिंग बेंटग्रास आणि त्यात आपसूक शिरलेलं पोआ ॲन्युआ हे तणासारखं गवत असतं. मार्चमध्ये बर्फाखालून तपकिरी ग्रीन निघालं, की सगळे थंडीला दोष देतात. पण बऱ्याचदा गवत मारलेलं असतं ते साचलेल्या पाण्याने.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कडेचा बांध न पाहणं. ग्रीनवर वर्षानुवर्षं वाळू पडते, ब्रशने ओढताना थोडी कॉलरवर, म्हणजे ग्रीनभोवतीच्या गवताच्या पट्टीवर साचते आणि तिथे बोटभर उंचवटा तयार होतो. उन्हाळ्यात पाणी खाली झिरपतं, म्हणून तो कोणाला जाणवत नाही. फेब्रुवारीत मात्र जमीन गोठलेली असते आणि वितळलेल्या पाण्याला वरूनच वाहून जावं लागतं. तेच पाणी या बांधाशी अडतं. पानं आणि मुळं जिथे जुळतात तो गवताचा क्राउन दुपारी पाणी पिऊन फुगतो आणि रात्री पारा एकदम उतरला की आतल्या पेशी बर्फाने फाटतात. पोआ थोड्याशा उबेनेही जागं होतं, म्हणून आधी तेच जातं.

यासाठी ऑक्टोबरच्या जोरदार पावसात रेनकोट चढवून ग्रीनवर जा. पाणी जिथे थबकेल तिथे झेंडी रोवा. जमीन गोठण्याआधी तेवढी कॉलर सोड कटरने (मुळांसकट गवताचा थर कापणाऱ्या यंत्राने) उचला, खालची वाळू खरवडा आणि उतार बाहेरच्या बाजूला करून घ्या. वेळ कमी असेल तर चर उघडाच ठेवा, उचललेली गवताची पट्टी वसंतात बसवा. दिसायला बरं नाही, तरी मी हेच सुचवेन. पाणी गोठून बर्फाची लादी झालीच, तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा: पोआ साधारण दीड-दोन महिन्यांनी धोक्यात येतं, बेंटग्रास तीन-चार महिने तग धरतं.

चेंडू वेगात धावावा म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत 3 मिलिमीटरवर कापणी करणं हीसुद्धा चूकच. पानं कमी म्हणजे गवताचा अन्नसाठाही कमी. सप्टेंबरपासून हळूहळू 4 मिलिमीटरपर्यंत या. उशिरा भरपूर नत्र देऊ नका, कोवळ्या वाढीवर स्नो मोल्ड ही थंडीतली बुरशी लगेच बसते. बुरशीनाशक शेवटच्या कापणीनंतर, पण कायमचा बर्फ पडण्याआधी मारा. फार लवकर मारलं तर असर ओसरतो. बर्फ कमी पडतो म्हणून फवारणी टाळू नका, कारण गुलाबी स्नो मोल्डला थंड ओलही पुरते.

वाऱ्याच्या तोंडावरच्या ग्रीनवर शेवटी वाळूचा जाडसर थर द्या आणि तो ब्रशने आत घालू नका. वाळूखाली क्राउन सुकत नाही. आच्छादन मात्र गवत निजण्याआधी घालू नका, आतल्या उबेने ते कोवळं राहतं.

फेब्रुवारीअखेर शंका आली तर गोठलेल्या ग्रीनमधून होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) गवतासकट मातीचा एक गोळा काढा, घरात आणून सावकाश वितळू द्या आणि उजेडाच्या खिडकीत ओलसर ठेवा. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब दिसायला हवेत. नाही दिसले तर बियाणं लगेच मागवा आणि क्लबच्या सभासदांनाही तेव्हाच सांगा. थंड मातीत बेंटग्रास फार हळू उगवतं.