मुंबईच्या प्रवासात ग्लुटेन-फ्री बेकरी गाठताना

सिलिअ‍ॅक आजार (गहू, जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा विकार) असलेल्या माणसाला मुंबई सोयीचीही आहे आणि वैताग आणणारीही. नाक्यानाक्यावर लादीपाव, ब्रून मस्का, खारी आणि नानकटाई मांडलेली असते आणि त्यातले काहीही चालत नाही. मात्र लहान गावांत शोधूनही न सापडणारी, केवळ ग्लुटेन-फ्री पदार्थच करणारी बेकरी या शहरात मिळू शकते. माझी भाची सांगलीची आहे. तिच्या आजाराचे निदान झाल्यापासून ती डोंबिवलीला आमच्याकडे आली की अशा बेकरीची एक फेरी ठरलेली असते. या फेऱ्यांमधून जे शिकलो ते बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

सर्वप्रथम एक भेद नीट समजून घ्यावा. ‘ग्लुटेन-फ्री पदार्थही मिळतील’ अशी पाटी लावणारी बेकरी वेगळी आणि जिच्या स्वयंपाकघरात गहू, जव किंवा राय (गव्हासारखेच एक धान्य) यांचे पीठ उंबरठाच ओलांडत नाही ती बेकरी वेगळी. मैदा चाळला की तो हवेत उडतो, ओट्यावर, ट्रेवर आणि कारागिराच्या बाह्यांवर बसतो, आणि नंतर त्याच ओट्यावर तांदळाच्या पिठाचा केक कितीही निगुतीने केला तरी तो निर्धोक राहत नाही. भारतातील नियमांनुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. उलट गव्हाच्या साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. या आजारात दिवसाकाठी ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही आतड्याला इजा करू शकते, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग पोटात गेला तरी पुरे. हे सारे माझ्या आईला आकडे सांगून पटले नव्हते. ‘पदार्थ सोवळ्यात करायचा आहे, गव्हाचा हातही लागू द्यायचा नाही’ असे सांगताच तिने दुसऱ्या दिवशी स्वतंत्र तवा आणि पोळपाट काढून ठेवला. सोवळ्याओवळ्याविषयी मला एरवी फारशी आस्था नाही, पण त्या शब्दाचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडे कुठे झालेला मी पाहिलेला नाही.

बेकरीची भेट खरे तर फोनवरच सुरू होते. ‘तुमच्याकडे ग्लुटेन-फ्री मिळते का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘तुमच्या किचनमध्ये मैदा, कणीक, रवा किंवा माल्ट कशासाठी तरी वापरता का?’ असे विचारावे. माल्ट जवापासून होतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. ‘नो मैदा’ या पाटीचा अर्थ बहुधा ‘आम्ही कणीक वापरतो’ एवढाच असतो, आणि नाचणीच्या किंवा मल्टिग्रेन म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत गहू असण्याचीच शक्यता अधिक. ओट्स वापरत असतील तर ते ग्लुटेन-फ्री म्हणून प्रमाणित आहेत का, हेही विचारावे, कारण साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळू शकतो.

यानंतरचा प्रश्न दळणाचा. गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असे आपण सांगतो ते चवीसाठी, पण येथे मुद्दा प्रकृतीचा असतो. गव्हावर दळलेले तांदळाचे पीठ ग्लुटेन-फ्री राहत नाही, मग पुढे बेकरी कितीही स्वच्छ असो. चांगली बेकरी स्वतःच्या चक्कीवर दळते किंवा ग्लुटेन-फ्री असे छापलेले बंद पाकिटातील पीठ वापरते, आणि हा प्रश्न विचारल्यावर तेथील माणूस वैतागत नाही, उलट सविस्तर सांगू लागतो. तो सूर हीच माझी पहिली परीक्षा असते. शेवटी थोडे संकोचानेच विचारायचा एक प्रश्न उरतो: कामगार दुपारचा डबा कुठे खातात? मुंबईत डबा म्हणजे पोळीभाजी. ती ओट्यावर बसून खाल्ली जात असेल, तर बाकीच्या सर्व काळजीला फारसा अर्थ उरत नाही.

पत्ता नीट समजून घेणेही महत्त्वाचे आहे. अशा अनेक बेकऱ्यांना दुकानच नसते. एखाद्या सोसायटीतील घरातून किंवा आतल्या गाळ्यातून ऑर्डरप्रमाणे माल दिला जातो आणि बसायला जागा नसते. स्टेशन कोणते, ईस्ट की वेस्ट, साप्ताहिक सुट्टी कधी आणि ब्रेडसाठी किती दिवस आधी सांगावे लागते, हे विचारूनच निघावे. गावाहून येणाऱ्याने पश्चिम आणि मध्य रेल्वे यांतील अदलाबदल दादरला करावी आणि परतीची लोकल संध्याकाळच्या गर्दीपूर्वी पकडावी. केकचा खोका हातात धरून सहा वाजता डोंबिवली फास्टमध्ये चढण्याचा प्रयोग मी एकदा केला आहे. घरी पोहोचलेला पदार्थ चमच्याने खावा लागला.

अ‍ॅपवरून मागवणार असाल, तर त्या विक्रेत्याच्या पानावर दिलेला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक आणि पत्ता पाहावा. त्याच पत्त्यावर दुसऱ्या नावाने पिझ्झा किंवा रोल विकले जात असतील, तर किचन एकच असण्याचा दाट संभव आहे आणि त्याविषयी फोन करून खात्री केल्याशिवाय मागवू नये.

बेकरीत पोहोचल्यावर आधी दोन मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. हा उपदेश मी एका चुकीतून शिकलो. एका कॅफेत काचेच्या कपाटात ‘ग्लुटेन-फ्री’ चिठ्ठी लावलेली ब्राउनी वरच्या फळीवर होती आणि खालच्या फळीवर क्रॉसाँ. मुलाने चिमट्याने क्रॉसाँ उचलला, त्याचे पापुद्रे झटकले आणि त्याच चिमट्याने आमची ब्राउनी बशीत ठेवली. मी ते पाहिले, पण भाचीचा चेहरा पाहून बोललो नाही. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे दोन दिवस ती अंथरुणातच होती. संपूर्णपणे ग्लुटेन-फ्री असलेल्या बेकरीत चिमट्याची चिंता नसते. तरीही बाहेरून विकत घेतलेला काही माल तेथे ठेवलेला आहे का, आणि गिऱ्हाइकांना बाहेरचे खाद्यपदार्थ आणू देतात का, हे पाहून घ्यावे.

खरेदी करताना पहिल्यांदा साधा ब्रेड किंवा पाव घ्यावा, केक नव्हे. साखर आणि चॉकलेट यांच्याखाली पिठाचे बरेच दोष झाकले जातात, साध्या पावात मात्र काहीच लपत नाही. ग्लुटेनची जाळी नसल्यामुळे कणकेला बांधून ठेवण्यासाठी इसबगोल किंवा झँथन गम घालतात. त्यामुळे पाव थोडा ओलसर आणि जड लागतो, आणि दाबला तर मऊपणे दबण्याऐवजी कडेला तडकतो. हा दोष नसून स्वभाव आहे. किंमत साध्या पावाच्या कितीतरी पट असते, तेव्हा बजेट आधीच ठरवलेले बरे. ब्रेडचे काप बेकरीतच करून घ्यावेत. ते राहिले म्हणून घराजवळच्या नेहमीच्या बेकरीतील मशीनवर कापून घेणे म्हणजे सगळ्या श्रमांवर पाणी.

भाचीला वडापाव खायचा होता. पाव मिळाला, पण वडा गाडीवरचा घेता येत नाही. बेसनाचा असला तरी त्याच तेलात समोसे तळलेले असतात आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते. म्हणून वडे घरी, शुद्ध हिंग घालून केले. पाव पोळीच्या लोखंडी तव्यावर न भाजता वेगळ्या तव्यावर, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून अर्धा मिनिट गरम केला. कोरडा भाजला असता तर त्याचा रस्क झाला असता. पहिला घास घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही, मग सुकी चटणी आणखी मागितली.

परतीच्या प्रवासाचे नियोजन त्याच दिवशी करावे. असा ब्रेड लवकर शिळा होतो, आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओट्यावर ठेवला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो उलट लवकर कोरडा पडतो, म्हणून थेट फ्रीझरमध्ये ठेवावा. दोन कापांमध्ये बटर पेपर घालून ते स्टीलच्या डब्यात भरावेत, म्हणजे हवे तेवढेच सुटे निघतात. नातेवाइकांकडे उतरला असाल, तर त्यांचा टोस्टर आणि लोण्याची वाटी वापरू नये, कारण दोन्हींत गव्हाच्या ब्रेडचा चुरा असतोच. आपले लोणी वेगळे ठेवावे आणि त्यावर नाव लिहावे, म्हणजे कोणाला वाईटही वाटत नाही. निघताना डबा टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावा. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसण्यापूर्वी फ्रीझरमधून काढलेले काप सकाळी सांगलीला उतरेपर्यंत पूर्ण मऊ झालेले असतात आणि तव्यावर एकदा फिरवले की न्याहारीला चालतात.