फँटसी फुटबॉलचा ड्राफ्ट झाला? संघ जोखताना या चुका टाळा

फँटसी फुटबॉल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा; ते मैदानात जे करतील त्याचे गुण तुमचे, आणि दर आठवड्याला लीगमधल्या एका संघाशी सामना. ऑगस्टच्या शेवटी ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू वाटून घेणं) आटोपतो आणि पाच मिनिटांत ॲप बारा संघांच्या हातात प्रगतिपुस्तक ठेवतं. कुणाला ए प्लस, कुणाला सी मायनस. लगेच व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये पहिल्यांदाच ओढले गेलेले आपले लोक या ग्रेडवर हमखास भाळतात, आणि सी मिळालेला तर घाबरून पहिल्या रविवारच्या आतच चांगला खेळाडू ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) घालवून बसतो.

ही ग्रेड येते कुठून ते आधी बघा. बहुतेक ॲप प्रत्येक खेळाडूचे हंगामाचे अंदाजी गुण धरतात आणि त्यांची बेरीज मांडतात. ड्राफ्ट चालू असताना स्क्रीनवर दिसणारी क्रमवारीही जवळपास त्याच अंदाजांवर बेतलेली असते. मग यादीत वर दिसेल तो खेळाडू उचलत गेलात की ग्रेड चांगलीच येणार. तुम्ही यादीचं किती ऐकलंत एवढंच त्यातून कळतं.

अंदाजात सगळ्यात मोठी गफलत होते ती सामन्यांच्या संख्येची. एनएफएलमध्ये २०२१ पासून प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, आणि निरोगी खेळाडूचा अंदाज साधारण तेवढेच सामने धरून काढतात. दुखापतीची कुणकुण असली, तरी आकडा फारसा हलत नाही.

२०२४ चं उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस्चन मॅकॅफ्री या रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने) आदल्या हंगामात धावून १,४५९ यार्ड काढले होते, शिवाय धावून आणि झेलून मिळून २१ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं). त्यामुळे बहुतेक लीगमध्ये तोच पहिला गेला. पण ऑगस्टमध्ये तो पोटरीच्या दुखण्याने सरावाबाहेर होता आणि तशा बातम्या सतत येत होत्या. ज्यांनी त्याला घेतलं त्यांचे कागदावरचे संघ झकास दिसत होते. ९ सप्टेंबरला, सोमवारी रात्री, न्यूयॉर्क जेट्स संघाविरुद्ध तो उतरलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने १४७ यार्ड काढले. पुढे दोन्ही टाचांच्या वरच्या स्नायूबंधाचं दुखणं निघालं, मॅकॅफ्री जखमींच्या यादीत गेला आणि थेट १० नोव्हेंबरला परतला. १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघा गेला आणि हंगाम संपला. एकूण सामने चार. त्याच सामन्यात मेसनचाही घोटा दुखावला, म्हणजे ज्यांनी दोघांनाही जपून ठेवलं होतं त्यांची प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) तोंडावर दुहेरी पंचाईत.

मॅकॅफ्रीला घेणं हीच चूक होती, असं नाही. चूक होती ती त्याचे १७ सामने पक्के धरण्यात. म्हणून हिशेब सामन्यागणिक करा. समजा एखादा रनिंग बॅक सामन्याला २० गुण देतो. १७ सामन्यांचे ३४०. दुखापतीची बातमी असेल तर १२ सामने धरा, म्हणजे २४०. उरलेल्या पाच सामन्यांत तुमच्या बेंचवरचा ८ गुणांचा कुणीतरी खेळेल, त्याचे ४०. एकूण २८०. आता त्याच बेंचवर मेसनसारखा, संधी मिळाली की १४ गुण देणारा बदली खेळाडू असेल तर पाच सामन्यांचे ७० आणि एकूण ३१०. असा खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत नाहीतर फुकटात मिळतो. ॲपच्या बेरजेत त्याची किंमत जवळपास शून्य, कारण मुख्य खेळाडू तंदुरुस्त असेपर्यंत त्याचा अंदाज दोन-तीन गुणांचाच असतो.

दुसरी चूक नवख्यांची लाडकी: क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्याचे) गुण सगळ्यात जास्त म्हणून तो लवकर घ्यायचा आणि मग बेरीज बघून खूश व्हायचं. एकूण गुण बघू नका, फरक बघा. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकी एक क्वार्टरबॅक खेळतो, म्हणजे तेरावा क्वार्टरबॅक वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्यांच्या यादीत) मोकळा सापडतो. समजा तुमच्याचे ३४० आणि तेराव्याचे २७०. कमाई ७० ची. रनिंग बॅक मात्र प्रत्येकी दोन, वर फ्लेक्समध्ये (रनिंग बॅक किंवा रिसीव्हर कुणीही चालेल अशा जागेत) आणखी काही, म्हणजे तीसेक दर आठवड्याला लागतात. तुमच्याचे २५० आणि एकतिसाव्याचे १३० असतील तर कमाई १२०. आकड्याने लहान दिसणारा खेळाडू इथे जास्त मोलाचा ठरला. प्रत्येक जागेसाठी असा एक ‘मोकळा सापडणारा’ खेळाडू ठरवा आणि सुरुवातीच्या संघातल्या प्रत्येक आकड्यातून त्याचा आकडा वजा करून लिहा. वीस मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसलेल्यांनी ग्रेडच पूजत बसावं.

ड्रीम११ हे भारतातलं फँटसी क्रिकेटचं ॲप खेळून आलेल्यांना हे पचायला जरा वेळ लागतो. तिथे एकच खेळाडू हजारोंच्या संघात असू शकतो. इथे तो एकाकडे गेला की बाकीच्या अकरांना बंद. टंचाई हाच इथला सगळा खेळ.

तिसरी चूक गेल्या वर्षीच्या टचडाउनवर संघ जोखण्याची. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने २०१८ मध्ये ५८० पासवर ५० टचडाउन फेकले, म्हणजे दर ८.६ टक्के. असा दर कुणालाच वर्षानुवर्षं टिकत नाही. २०१९ मध्ये तो दोन सामने मुकला, ४८४ पासवर २६ टचडाउन झाले, दर ५.४ टक्के. पासिंग टचडाउनला ४ गुण धरले तर २४ टचडाउनच्या फरकात ९६ गुण गेले. यार्डही ५,०९७ वरून ४,०३१ वर आले, म्हणजे २५ यार्डांना एक गुण या हिशेबाने आणखी ४३ च्या आसपास. तो काही एका वर्षात वाईट खेळाडू झाला नव्हता, त्या हंगामाचा सुपर बोलही (एनएफएलची अंतिम लढत) जिंकला. लोकांनी पैसे मोजले ते ५० च्या आकड्याला. रनिंग बॅक आणि रिसीव्हर (पास झेलणारा) जोखताना टचडाउन बाजूला ठेवा. स्नॅप (तो मैदानावर असताना झालेले डाव) किती, चेंडू हातात किती वेळा, टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास) किती, हे तीन रकाने पुरतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

गुणपद्धत न वाचणे. सहा झेल आणि ५० यार्ड म्हणजे साध्या पद्धतीत ५ गुण, प्रत्येक झेलाला अर्धा गुण असेल तर ८, पूर्ण गुण असेल तर ११. दुसऱ्या पद्धतीची क्रमवारी वापरून संघ जोखलात तर सगळंच वाया.

बायचा (संघाच्या सुट्टीच्या आठवड्याचा) बाऊ. २०२४ मध्ये १२व्या आणि १४व्या अशा दोन्ही आठवड्यांत सहा-सहा संघ सुट्टीवर होते, तेव्हा टक्कर होणारच. एक आठवडा हरलात तरी चालेल.

किकर (चेंडू लाथेने मारणारा) आणि डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) शेवटच्या दोन फेऱ्यांच्या आधी घेतले असतील तर तेवढे दोन पिक फुकट गेले असं समजा.

गेल्या वर्षीच्या बचावफळीवरून यंदाचं वेळापत्रक सोपं-अवघड ठरवू नका. प्रशिक्षक आणि खेळाडू बदललेले असतात. तीन-चार आठवडे जाऊ द्या.

ते आठवडे झाल्यावर मात्र विजय-पराजयाच्या तक्त्यावर विसंबू नका. फँटसीत तुम्ही आठवड्यातले दुसऱ्या क्रमांकाचे गुण काढूनही हरू शकता, समोर नेमका पहिला आला तर. म्हणून दर मंगळवारी तुमचे गुण बाकीच्या अकरा संघांशी लावून बघा. दुसरा क्रमांक असेल तर तो आठवडा १०-१. चार आठवड्यांत असे ४४ सामने होतात. तक्त्यात १-३ पण या हिशेबात ३०-१४ असाल तर संघाला हात लावू नका. उलट ३-१ असून १८-२६ निघालात, तर शेजारी अभिनंदन करत असतानाच वेव्हरवर बोली लावा. हंगामभराच्या बोलींसाठी शंभर डॉलरचं बजेट असेल तर निम्मं पहिल्या पाच आठवड्यांत खर्च झालं तरी हरकत नाही. ज्याला मोठी भूमिका मिळणार असा खेळाडू फुकटात बहुधा तेव्हाच सापडतो. २०२३ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला नवखा रिसीव्हर पुका नाकुआ बहुतेक लीगमध्ये कुणी घेतलाच नव्हता. हंगामाअखेर त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड होते.

शेवटी १५ ते १७ या आठवड्यांचं पान उघडा, कारण बहुतेक लीगचे प्लेऑफ तिथेच होतात. नोव्हेंबरमधल्या ट्रेडच्या मुदतीआधी तुमच्या क्वार्टरबॅकचे ते तीन सामने कुणाशी आणि कुठे आहेत ते बघून घ्या. आणि लीगची फायनल १८व्या आठवड्यात ठेवलेली असेल तर आत्ताच कमिशनरच्या (लीग चालवणाऱ्याच्या) मागे लागून ती १७व्यात आणा. एनएफएलच्या प्लेऑफमधली जागा पक्की झालेले संघ १८व्या आठवड्यात बरेचदा आपल्या मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतात.