मुलाच्या मानेवर गाठ हाताला लागली? या चुका टाळा

घणसोलीहून एक आई सात वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली होती. मानेच्या मागे, केसांच्या कडेला दोन गाठी, आणि त्यांवरची कातडी लालबुंद. ती लाली गाठींची नव्हती, दिवसभर दाबून बघण्याची होती. मी केस बाजूला सारले, तर उवा, लिखा आणि खाजवून चिघळलेले फोड. उवांचं औषध लावलं, फोड सुकले, आणि तीनेक आठवड्यांत गाठी विरल्या.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, येतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मानेचंही तसंच आहे. जबड्याखाली गाठ आली तर आधी घसा आणि किडलेली दाढ बघा, डोक्यामागे आली तर केसांखालची कातडी बघा. तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेतली गाठ बरेचदा बीसीजीच्या लसीची असते; ती डॉक्टरांना दाखवा, पण फोडू नका.

मानेत १ आणि जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ लहान मुलांत सहसा काळजीची नसते. रोज चाचपू नका. आठवड्यातून एकदा पट्टीने मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. चुना लावणं, डाग देणं, गरम शेक यांतलं काहीही नको. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे निदान न होताच दिलेलं स्टेरॉइड. गाठ झपाट्याने उतरते, घरातले निर्धास्त होतात. पण ती रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या, म्हणजे याच गाठींच्या, कॅन्सरची असेल, तर आजार झाकला जातो आणि मोलाचे दिवस हातचे जातात. औषधाच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आहे का, हे बेधडक विचारा.

आपल्याकडे टीबीचीही शंका घ्यावीच लागते, जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच. २ सेंटिमीटरहून मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी, दोन आठवड्यांवर ताप, वजन घटणं ही तिची लक्षणं. सुईने गाठीतला नमुना घेऊन जीन एक्स्पर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी करतात. सरकारी यंत्रणेत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, उपचार साधारण ६ महिने चालतात. मधेच गाठ वाढली तरी औषध थांबवू नका, तसं होऊ शकतं, डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून मुलाचं ताट-वाटी वेगळी काढू नका. टीबी फक्त मानेच्या गाठीत असेल, फुप्फुसं स्वच्छ असतील, तर तो मुलापासून घरात पसरत नाही. सोसायटीत कळेल म्हणून उपचार लपवणारी घरं बघितली की जीव तुटतो.

गळपट्टीच्या हाडावरची गाठ कितीही लहान असो, लगेच दाखवा. दगडासारखी टणक, न हलणारी गाठ, अंगावर निळे डाग, मूल पांढरंफटक पडणं, आडवं झाल्यावर धाप, गिळता न येणं किंवा तोंड न उघडणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना कॅलेंडरचं ते पान आणि आधीच्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.