‘सलारियुम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळत असे आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘सॅलरी’ हा शब्द आला, ही गोष्ट आपल्याला चटकन पटते, कारण खाल्ल्या मिठाला जागणे ही कल्पना मराठी मनात खोल रुजलेली आहे. या गोष्टीतली व्युत्पत्ती खरी आहे, पण इतिहासाला आधार नाही. ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘सलारिउस’ म्हणजे मिठासंबंधीचा आणि त्यावरून ‘सलारियुम’ म्हणजे मानधन अथवा वेतन, हा क्रम बरोबर आहे. तथापि शब्दाचा मिठाशी संबंध असणे आणि मोबदला मिठाच्या रूपात मिळणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ‘नैसर्गिक इतिहासा’च्या ३१व्या खंडात, सन्मान आणि सैनिकी सेवा यांच्याशीही मिठाचा संबंध असून त्यावरून ‘सलारियुम’ हे नाव पडले, एवढेच नोंदवले आहे. शिपायांना मीठ वाटले जाई, असे तो म्हणत नाही. मीठ विकत घेण्यासाठी दिलेला भत्ता, हे स्पष्टीकरणही नंतरच्या अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच सांगावा.

दुसरी चूक माझ्या मते अधिक गंभीर आहे: ‘सलारियुम’ म्हणजे साध्या शिपायाचा पगार, असे समजणे. साध्या शिपायाच्या वेतनाला रोमन लोक ‘स्टिपेंडियुम’ म्हणत आणि ते नाण्यांत मोजले जाई: ज्यूलियस सीझरच्या वाढीनंतर वर्षाला २२५ दिनारियुस (रोमन चांदीची नाणी), तर सम्राट डोमिशियनच्या काळात ३००. ‘सलारियुम’ हा शब्द साम्राज्यकाळात मोठ्या अधिकाऱ्यांच्या मानधनासाठीही रूढ होता. डोमिशियनने प्रांताधिपतीचे नेहमीचे ‘सलारियुम’ आग्रिकोला या सेनापतीला दिले नाही, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिले आहे.

आवाजाच्या साम्यावरून ‘सालदार’ या मराठी शब्दाशीही त्याचे नाते जोडू नये. शेतावर वर्षाच्या कराराने राहणाऱ्या सालदाराचे ‘साल’ हे फारसी असून ते संस्कृत ‘शरद्’ या शब्दाचे नातलग आहे. मराठी वेतनाचे लॅटिन मूळ शोधायचेच असेल, तर ते ‘पगार’ या शब्दात सापडते: पोर्तुगिजांकडून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, हे क्रियापद आहे, आणि त्याचे मूळ ‘पाक्स’, म्हणजे शांतता.