लिनक्समध्ये उपकरण चालेना? किनारपट्टीवर हमखास होणाऱ्या या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या बोटींवरचे जीपीएस, एआयएस रिसीव्हर (जवळच्या जहाजांचे संदेश पकडणारं यंत्र) आणि त्यांना जोडलेले छोटे संगणक या काळात पडून राहतात, आणि नेमके हेच दिवस सर्वांत दमट. ऑगस्टमध्ये सगळं पुन्हा चालू केलं की ‘ड्रायव्हर उडाला’, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅमच गेला, अशी तक्रार सुरू होते. आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये वर्षभर झाकून ठेवलेल्या वजनकाट्याचंही हंगामाच्या तोंडावर हेच. मग कोणी घाईने कर्नेल (लिनक्सचा गाभा) बदलतं, कोणी इंटरनेटवरून भलताच ड्रायव्हर आणून बसवतं, आणि मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढतो.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. अपडेट केलेलं नसेल आणि डिस्क शाबूत असेल, तर काल चालणारा ड्रायव्हर आज आपोआप नाहीसा होत नाही. म्हणून काहीही बसवण्याआधी कर्नेल काय सांगतोय ते वाचा.

लॉग न वाचता ड्रायव्हर बदलणं

टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ (डब्ल्यू लहान अक्षरातला) चालू ठेवा आणि मगच केबल लावा. सीएच३४० चिपची यूएसबी-सीरियल केबल (जीपीएस, काटा संगणकाला जोडणारी) ठीक असेल तर ओळी या क्रमाने येतात: नवं फुल-स्पीड उपकरण सापडलं; त्याचा आयडी १ए८६:७५२३; सीएच३४१ कन्व्हर्टर ओळखला; तो टीटीवाययूएसबी० ला (संगणकातलं पोर्टचं नाव) जोडला. हा क्रम जिथे तुटतो, बिघाड तिथेच शोधायचा. एकही ओळ आली नाही तर केबल फक्त चार्जिंगची आहे, पोर्ट मेलाय किंवा वीज पोहोचत नाहीये. आयडी आला पण पुढे काहीच नाही, तरच ड्रायव्हरचा विषय निघतो.

इथे एक नेहमीची फसगत होते. चिपवर सीएच३४० छापलेलं असतं म्हणून लोक त्या नावाचं मॉड्यूल (कर्नेलमधला ड्रायव्हरचा तुकडा) शोधतात, सापडत नाही, आणि उत्पादकाच्या साइटवरून झिप फाइल उतरवतात. कर्नेलमधल्या मॉड्यूलचं नाव सीएच३४१ आहे आणि तेच सीएच३४० चालवतं.

एरर -७१ आणि -११० ला सॉफ्टवेअरचा दोष समजणं

उपकरणाचा डिस्क्रिप्टर (त्याची ओळख सांगणारी माहिती) वाचतानाच एरर -७१ आली, तर यूएसबीवरून येणारा संदेश वाटेत बिघडतोय. -११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. आयडी कळण्याआधीच या चुका येत असतील तर सीएच३४१ ची पाळीच आलेली नसते, त्यामुळे तो पुन्हा बसवून काहीही साधत नाही. किनाऱ्यावर आधी खाऱ्या हवेचा संशय घ्यावा. कनेक्टरच्या आतल्या पट्ट्यांवर टॉर्च मारून पाहा. हिरवट किंवा पांढुरका थर असेल तर वीज पूर्ण बंद करा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजू साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका. पट्ट्यांवरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग गंज आणखी लवकर धरतो. त्यानंतर मधला हब काढून, आखूड केबलने थेट संगणकाला जोडून पाहा.

दुसरा संशय विजेवर. बोटीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर गाडीतला मोबाइल चार्जर लावून रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) चालवण्याची पद्धत सर्रास दिसते. इंजिनला स्टार्टर मारला की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, बारीक वायरमध्ये आणखी थोडा जातो, आणि पायकडे पोहोचेपर्यंत ५ व्होल्ट उरत नाहीत. ४.६३ व्होल्टच्या आसपास पाय अंडरव्होल्टेजची नोंद करतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडून गेली, ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही कमी पडतेय. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो आणि त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. जीपीएस, एआयएस आणि ४जी डोंगल तिन्ही त्यावर लटकवायचे असतील तर स्वतःची वीज असलेला हब घ्या.

जोडलं गेलं आणि लगेच तुटलं

टीटीवाययूएसबी० तयार होतं आणि पुढच्याच ओळीत नाहीसं होतं. त्या ओळींमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसतं का बघा. हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असते, म्हणून उबुंटू २२.०४ मध्ये तो सीएच३४० ची केबल आपली समजून ताब्यात घेतो. त्या संगणकावर ब्रेल डिस्प्ले वापरणारं कोणी नसेल तर हे पॅकेज काढून टाका आणि केबल पुन्हा लावा. कोणी वापरत असेल तर पॅकेज राहू द्या. त्याच्या यूडेव्ह नियमांमधली (उपकरण लागताच काय करायचं ते ठरवणारे नियम) फक्त १ए८६:७५२३ ची नोंद बंद करा.

टीटीवाययूएसबी० वर भरवसा ठेवणं

हा क्रमांक उपकरणाचा नसतो, ज्या क्रमाने उपकरणं सापडली त्या क्रमाचा असतो. लाइट जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि काल शून्यावर असलेला जीपीएस आज एकवर गेला असं होणारच. प्रोग्रॅममध्ये /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मधलं नाव द्या. मात्र स्वस्त सीएच३४० केबलींना सहसा सीरियल नंबरच नसतो, त्यामुळे अशा दोन केबली लावल्या की दोन्हींचं बाय-आयडी नाव एकच होतं. तिथे बाय-पाथ वापरा आणि कोणती केबल कोणत्या पोर्टात हे रंगाने लिहून ठेवा. बाय-पाथ पोर्ट ओळखतो, केबल नाही.

परवानगी नाकारली गेली म्हणून फाइलवर ७७७ (सर्वांना पूर्ण परवानगी) मारणं हीसुद्धा वायाच जाणारी मेहनत, कारण केबल काढून लावली की ती फाइल नव्याने तयार होते. डेबियन, उबुंटूवर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

डेटा येत नाही म्हणून ड्रायव्हरला दोष देणं

पोर्ट तयार झाला पण स्क्रीनवर कचरा अक्षरं येतात? बॉड रेट (डेटाचा वेग) तपासा. एनएमईए ०१८३ (सागरी उपकरणांची ठरलेली भाषा) चा जीपीएस ४८०० वर बोलतो, एआयएस ३८४०० वर. काहीच येत नसेल तर केबलच्या नऊ पिनी टोकाकडे २ आणि ३ या पिना तारेने जोडा आणि मिनिकॉममध्ये (सीरियल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम) टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर ड्रायव्हर आणि केबल दोन्ही ठीक आहेत, दोष पुढे उपकरणात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. चाचणीआधी मिनिकॉममधला हार्डवेअर फ्लो कंट्रोल आणि लोकल एको दोन्ही बंद करा. पहिला चालू राहिला तर अक्षरं बाहेरच पडत नाहीत, दुसरा चालू असला तर केबल न लावताही ती दिसतात.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकच समजणं

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम. वायफायच्या बाबतीत ‘फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२’ असं आलं, तर ड्रायव्हर चालू आहे. त्याला हवी ती फाइल तेवढी सापडत नाहीये. फर्मवेअरचं पॅकेज बसवा. डेबियन ११ वरून १२ वर गेलेल्यांनी रिपॉझिटरीच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग घातलाय का पाहावं, कारण फर्मवेअर आता तिथे हलवलेलं आहे. डोंगलचा आयडी ०बीडीए:१ए२बी दिसत असेल तर तो अजून सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवतोय. यूएसबी-मोडस्विच बसवलं की खरा आयडी दिसतो.

बाहेरून आणलेला वायफाय ड्रायव्हर शेवटचा पर्याय ठेवा. कर्नेलच्या आतल्या एपीआयची (ड्रायव्हर आणि कर्नेल यांच्यातल्या जोडणीची) स्थिरता कर्नेलचे लेखक मुद्दामच पाळत नाहीत आणि कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे बाहेरचा ड्रायव्हर पुढच्या मोठ्या अपडेटला मोडू शकतो. रिअलटेकच्या ८८२२बीयू, ८८२१सीयू यांसारख्या चिपांचा आधार ६.२ पासून कर्नेलमध्येच आहे. आधी ‘यूनेम -आर’ करून तुमची आवृत्ती पाहा.

भलत्याच आवृत्तीची कागदपत्रं वाचणं

कर्नेलची ऑनलाइन कागदपत्रं उघडली की समोर येतात ती सहसा सर्वांत नव्या कर्नेलची. डेबियन १२ चा कर्नेल ६.१ आहे, उबुंटू २२.०४ मूळचा ५.१५ वर. तिथे वाचलेला पॅरामीटर (मॉड्यूलचं सेटिंग) तुमच्याकडे नसेलही. ‘मॉडइन्फो’ आणि मॉड्यूलचं नाव दिलं की तुमच्या मॉड्यूलला खरोखर कळणारे पॅरामीटर दिसतात. मॉडप्रोब.डी (मॉड्यूलच्या सेटिंगचा फोल्डर) मध्ये बदल करूनही परिणाम दिसत नसेल तर ते मॉड्यूल इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल-प्रणाली) लवकर लोड होत असण्याची शक्यता आहे. डेबियन, उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवून संगणक पुन्हा सुरू करा.

पुरावा हरवणं

डीमेसेज फक्त चालू बूटचं सांगतो. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर नसेल तर तयार करा, संगणक एकदा रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी लाइट गेल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ने आधीच्या बूटचा कर्नेल लॉग वाचता येतो, वीज जाण्याच्या अगदी शेवटच्या काही नोंदी सोडून.

खरोखर कर्नेलचाच दोष वाटत असेल तर कळवण्याआधी /प्रॉक/सिस/कर्नेल/टेंटेड वाचा. ० असेल तर उत्तम. ४०९६ म्हणजे बाहेरचं मॉड्यूल लोड झालंय, १२२८८ म्हणजे ते सहीविनाही आहे. अशा कर्नेलवरची तक्रार विकासक सहसा परत पाठवतात, म्हणून ते मॉड्यूल काढून, रीबूट करून दोष पुन्हा दिसतो का ते पाहा. मग कर्नेलची आवृत्ती, ‘एलएसयूएसबी’चं उत्तर आणि बूटपासूनचा पूर्ण लॉग जोडा. वितरणाचा (डेबियन, उबुंटू यांसारख्यांचा) कर्नेल वापरत असाल तर तक्रार आधी वितरणाकडे. मूळ कर्नेलवरही दोष दिसला तर मेंटेनर्स फाइलमध्ये (कोणता ड्रायव्हर कोण सांभाळतं याची यादी) त्या ड्रायव्हरची नोंद शोधून तिथे दिलेल्या पत्त्यावर पाठवा.