पायाच्या अँजिओप्लास्टीला ‘हो’ म्हणण्याआधी

पायाची अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून उघडतात, ती अँजिओप्लास्टी. ती जिथे होते त्या कॅथलॅबमध्ये मी सिस्टर आहे. नातेवाईक विचारतात, “स्टेंट टाकायचा की नुसता फुगा?” (स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी.) त्याआधी ब्लॉक नेमका कुठे आहे ते विचारा. डॉपलरचा (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट समोर ठेवा, अर्धं उत्तर त्यातच असतं.

ओटीपोटातून मांडीकडे येणाऱ्या धमनीत स्टेंट चांगला टिकतो. मांडीत बहुधा औषध लावलेला फुगा सुचवतात. त्यावरचं पॅक्लिटॅक्सेल धमनीच्या भिंतीत उतरतं आणि ती पुन्हा अरुंद होणं लांबवतं. साध्या फुग्यापेक्षा महाग, पण मांडीत मला तो खर्च पटतो. (२०१८ साली या औषधाने मृत्यू वाढतात अशी शंका आली होती, उपलब्ध पुराव्यांत तसं दिसत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०२३ मध्ये सांगितलं.) फुगवल्यावर भिंत चिरली किंवा धमनी परत मिटली, तर स्टेंट लागू शकतो. त्याची संमती आणि खर्च आधीच बोलून ठेवा, टेबलावर पेशंट असताना नको.

गुडघ्यामागे स्टेंट म्हटलं की मात्र कारण विचारा. आपली माणसं मांडी घालून बसणारी. वाकून वाकून जाळी मोडू शकते. गुडघ्याखाली, मधुमेहींच्या बारीक धमन्यांत, बहुतेकदा साधाच फुगा. धमनीत कॅल्शियमचा घट्ट थर असेल तर कधी कधी आधी तो खरवडतात.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं का, हेही विचारा. धमनी दिसावी म्हणून सोडतात त्या डायचा ताण किडनीवर येतो. चालताना फक्त पोटरी दुखते, जखम नाही? मग तंबाखू बंद, गोळ्या आणि रोजचं चालणं आधी करून बघता येईल का, विचारा. पाय अचानक गार, पांढरा पडला तर मात्र लगेच कॅज्युअल्टी गाठा.