हिवाळी स्वयंपाकातल्या या चुका टाळा: बाफले, वरण, गराडू आणि बाजरीची भाकरी

दिवाळी सरली की इंदूरच्या मराठी घरांत स्वयंपाकाचा नूर पालटतो. सकाळचे पोहे तेच राहतात, पण रविवारी बाफल्यांची, म्हणजे उकडून भाजलेल्या आणि तुपात बुडवलेल्या गव्हाच्या गोळ्यांची फर्माईश होते, संध्याकाळी गराडू हा कंद तळला जातो आणि भोगी जवळ आली की गिरणीत बाजरीचे डबे दिसू लागतात. पदार्थ सगळे साधेच. तरी दर हिवाळ्यात तक्रारीही त्याच: बाफले आतून चिकट राहिले, तीन शिट्ट्या होऊनही डाळ डोळे वटारून बघतेय, गराडू खाऊन घसा खवखवला, भाकरी कडू लागली. यावर उपाय म्हणून बहुतेकांचा हात जातो तो मसाल्याच्या डब्याकडे, नाहीतर तुपाच्या भांड्याकडे. मसाला बिचारा उगाच बदनाम होतो. थंडीतलं जेवण बिघडतं ते पाणी, आच आणि पीठ या तिघांपायी, आणि वरून कितीही तूप ओतलं तरी ते झाकलं जात नाही.

बाफले: चूक गिरणीपासून सुरू होते

पोळीची मऊ कणीक बाफल्यांना घेतली की ते चिवट होणार हे धरून चाला. बाफल्यांसाठी गहू रवाळ, जाडसर दळून आणावा. शक्य असेल तर कठिया, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू घ्यावा. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र इंदुरातच आहे आणि तिथून निघालेल्या वाणांच्या नावामागे ‘एच आय’ लागतं. त्यातले ‘पोषण’ आणि ‘तेजस’ हे कठिया वाण. दुकानदाराला नुसतं ‘बाफल्याचा गहू’ म्हटलं तरी बहुतेक वेळा तो बरोबर पोतं उघडतो. वेगळं दळण शक्य नसेल तर घरच्या कणकेत तिच्या पाव पट बारीक रवा मिसळा.

चार वाट्या जाड पिठाला एक वाटी मक्याचं पीठ, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, पाव वाटी दही, ओवा, मीठ आणि अगदी चिमूटभर खायचा सोडा पुरतो. थंडीतली खास चूक मोहनाची. तूप डब्यात थिजलेलं असतं, ते चमच्याने तसंच पिठात टाकलं जातं आणि त्याच्या गुठळ्या राहतात. मग एक बाफला खुसखुशीत, दुसरा खडखडीत. तूप वितळवून घ्यावं, पिठाला दोन्ही तळव्यांनी चोळावं आणि मूठ दाबून बघावी. मुटका वळला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, की मोहन बरोबर पडलं. पाणी कोमट घ्या. पीठ घट्टच भिजवा आणि झाकून अर्धा तास ठेवा, कारण जाड दळलेलं पीठ गार हवेत पाणी सावकाश पितं. दहा मिनिटांत गोळे वळायला घेतले की त्यांना भेगा जातात, आणि मग दोष मक्याच्या पिठाला दिला जातो.

गोळे लिंबापेक्षा थोडे मोठे असावेत. मोठाले केले तर बाहेरून लालबुंद आणि आतून पिठूळ राहतात. मध्ये अंगठ्याने खळगा करा, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते आणि पुढे तूपही मुरतं.

आता उकडणं. पाणी खळखळ उकळत असतानाच बाफले सोडायचे, आणि तेही थोडे थोडे. सगळे एकदम टाकले की पाण्याची उकळी बसते, बाफले तळाशी चिकटतात आणि त्यांचं पीठ सुटून पाणी पेजेसारखं होतं. सर्वांत जास्त होणारी चूक याच्या पुढची: बाफला वर आला की शिजला असं मानून लगेच काढणं. तो वर येतो कारण आतली हवा आणि वाफ फुगते. शिजण्याशी त्याचा संबंध अर्धाच. वर आल्यावरही पाच-सात मिनिटं उकळू द्या, मग एक काढून सुरी खुपसून बघा. सुरी स्वच्छ निघाली पाहिजे. एकूण पंधरा ते वीस मिनिटं लागतात.

त्यानंतर बाफले निथळून कापडावर पसरायचे आणि वरचा ओलसरपणा जाईपर्यंत थांबायचं. एरवी वीस मिनिटं पुरतात. पौषातल्या ढगाळ दिवशी पंखा लावायची वेळ येते. ओले बाफले तसेच ओव्हनमध्ये ढकलले की वरचं कवच चामड्यासारखं होतं. १८० ते २०० अंशांवर अर्धा तास, मधून मधून फिरवत भाजा. भाजल्यावर हाताने दाबून तडा द्या आणि गरम असतानाच गरम तुपात बुडवा. दोहोंपैकी एक जरी गार असेल तर तूप वरवरच राहतं आणि ताटात ओघळतं.

कंड्यांवर, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेल्या बाफल्यांची चव वेगळी, हे मान्य. पण थंडी आहे म्हणून शेगडी खोलीत घेऊन दार-खिडक्या लावून भाजणं ही स्वयंपाकातली चूक नव्हे, जिवाशी खेळ आहे. धुमसत्या कंड्यांतून आणि कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. शेगडी अंगणात किंवा गच्चीवरच पेटवा, आणि निखारे विझले असं वाटलं तरी ती रात्री उबेसाठी आत आणू नका.

वरण शिजत नाही? आधी पाणी कुठलं ते बघा

इंदुरात या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा नळातच असतं. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून शहरात येतं आणि बाकीची गरज बोरिंग भागवतं. बोरिंगचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर आणि स्टीलच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो तोच कॅल्शियम डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन घट्ट करतो, आणि दाणा फुटायचं नाव घेत नाही. त्यात डाळ जुनी असेल तर विचारूच नका. नर्मदेचं पाणी आलं की डाळीपुरतं दोन तांबे भरून ठेवावं, किंवा फिल्टरचं वापरावं. डाळ अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात भिजवावी. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर शिजते हे खरं, पण चव साबणासारखी होते आणि ब जीवनसत्त्वाचा काही भागही जातो. तो शेवटचा उपाय.

दुसरा दोष आंबटाचा. टोमॅटो, चिंच, आमसूल, काहीही आंबट डाळ शिजण्याआधी कुकरमध्ये गेलं की दाणा ताठर राहतो. आधी मऊ शिजवा, घोटा, मग आंबट घाला. मीठ मागाहून घातलं तर बरं, पण आंबटाइतका त्याचा त्रास नाही.

थंडीत वरण वाढेपर्यंत थिजून गोळा होतं. मग वरून माठातलं पाणी ओतलं जातं आणि वरण-पाणी वेगळं दिसू लागतं. ओतायचं ते उकळतं पाणी, आणि त्यानंतर एक उकळी काढायचीच. मुळातच थोडं सैल ठेवलं तर ही वेळ येत नाही. बाफल्यांबरोबर गोडा मसाला आणि गूळ घातलेली आमटी करणारी घरं इंदुरात आहेत. मला स्वतःला ते जमत नाही. तुपाने जड झालेल्या बाफल्याला लसूण, हिंग, लाल मिरचीची फोडणी दिलेली तिखट डाळच हवी. गुळाची आमटी भाताला राखून ठेवावी.

गराडू

सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या गाडीवर जो गराडू बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ लागतो, तो घरी केला की एकतर दगड होतो नाहीतर करपतो. कारण एकच: घरी तो एकदाच तळला जातो, आणि तोही मोठ्या आचेवर. गाडीवाला दोनदा तळतो. पहिल्यांदा मध्यम आचेवर, फोड आतपर्यंत शिजेपर्यंत, रंग फारसा न येऊ देता. त्या फोडी काढून ठेवलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की त्याच पुन्हा कडकडीत तेलात. घरीही हेच करा. पहिल्या तळणीनंतर सुरीचं टोक फोडीत सहज शिरलं पाहिजे. तेल कमी प्यावं असं वाटत असेल तर पहिल्या तळणीऐवजी फोडी वाफवून घ्या, पण मग कापडावर पुरत्या कोरड्या झाल्याशिवाय तेलात सोडू नका. नाहीतर तेल अंगावर उडतं.

खाज सुटते ती कंदातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. सोलताना हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला. ओल्या हाताने सोलायला बसलात तर मनगटापर्यंत खाज येते. घसा खवखवला तर त्याचा अर्थ बहुधा गराडू आत कच्चा राहिला. लिंबू पिळल्याने थोडा उतार पडतो, पण कच्ची फोड लिंबाने शिजत नाही.

फोडी चिरून तशाच ठेवल्या तर काळ्या पडतात, म्हणून पाण्यात टाका. तळायच्या आधी मात्र त्यांचा बुळबुळीतपणा धुऊन त्या नीट पुसा. मीठ आणि मसाला आधी लावायचा नाही, कारण मिठाने पाणी सुटतं आणि जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, तेलात करपतं. मसाला भुरभुरायचा तो दुसऱ्या तळणीतून काढल्या काढल्या, फोडी परातीत उडवत. आणखी एक: कंद फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्याने तो आतून खराब होतो. टोपलीत, कोरड्या जागी चांगला राहतो. विकत घेताना हाताला जड लागणारा आणि कुठेही न दबणारा बघून घ्या.

बाजरीची भाकरी कडू का लागते

पीठ जुनं असतं, म्हणून. बाजरीत मुळातच स्निग्धांश जास्त, आणि दळल्यावर तो हवा लागून लवकर खवट होतो. भोगीसाठी दळलेलं पीठ माघात काढलं तर भाकरी कडू होणारच, त्याला तीळ काय करणार? आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा आणि उरलं तर डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. गिरणीत आपल्या आधी कोणी मसाला किंवा डाळ दळली असेल तर तिचाही वास पिठाला लागतो, तेव्हा नंबर बघून लावावा.

भाकरी तुटते, कडा फाटतात, ही गोष्ट वेगळी. बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, तो गरम पाण्याने आणावा लागतो. पाणी उकळवून, मीठ घालून पिठात ओता, चमच्याने हलवा आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने भरपूर मळा. एका भाकरीपुरतंच मळायचं. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या दोन भाकऱ्या थापताना हमखास चिरा पडतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. पाणी वाळून पांढरे डाग दिसेपर्यंत थांबलात तर भाकरी फुगत नाही. आणि लोखंडी तवा आधी चांगला तापवा. थंडीत तो तापायला वेळ घेतो, पहिली भाकरी चिकटते ती त्यामुळे.

दही, कढी आणि बाकीचं

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १० अंशांच्या आसपास असतो, आणि विरजण त्या गारठ्यात झोपून जातं. दही लागलं नाही म्हणून दुधात आणखी विरजण कालवत राहिलं की ते नुसतं आंबट होतं, घट्ट नाही. दूध बोटाला चांगलं कोमट लागेल असं घ्या, विरजण एरवीच्या दुप्पट, आणि भांडं गरम पाण्याने विसळलेल्या कॅसरोलमध्ये झाकून ठेवा. मग सकाळपर्यंत त्याला हलवायचं नाही.

कढी फुटते ती बेसन कमी पडल्याने किंवा दह्याला एकदम मोठी आच मिळाल्याने. बेसन ताकात गार असतानाच घुसळा, उकळी येईपर्यंत सतत ढवळा आणि मीठ शेवटी घाला. फुटलीच तर चमचाभर बेसन थोड्या पाण्यात कालवून घाला आणि रवीने फिरवा. अगदी पूर्ववत होत नाही, पण वाढण्यासारखी होते.

गाजराच्या हलव्यात साखर लवकर पडली तर कीस शिजायचा थांबतो. दूध पूर्ण आटू द्या, मग साखर, मग खवा. डिंकाच्या लाडवांत डिंक दाताला चिकटतो तेव्हा तो आतून फुललेला नसतो: मोठे खडे फोडून घ्या, मध्यम तापलेल्या तुपात मूठमूठ टाका आणि गार झाल्यावर एक दाणा चुरून बघा. गुळाचा पाक करायचा नाही, गूळ वितळून बुडबुडे आले की उतरवा. पाक पुढे गेला तर लाडू फोडायला बत्ता लागतो. असे लाडू फेकू नका. कुटून, चमचाभर तुपाबरोबर कढईत हलके गरम करून पुन्हा वळता येतात.

‘थंडी आहे, ओट्यावर राहिलं तरी चालतं’ या समजाने रात्रीची खिचडी दुसऱ्या दुपारपर्यंत बाहेर राहते. इंदूरचा गारठा रात्रीचा आणि पहाटेचा. दुपारी पारा २५ अंशांच्या वर सहज जातो. शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणं आटोपली की तासाभरात खिचडी पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. बाफले मात्र एखादी रात्र झाकून बाहेर राहिले तरी बिघडत नाहीत. सकाळी ते कुटून, तुपात परतून, पिठीसाखर आणि वेलची घालून चुरमा करा.